कलती खुर्ची

दीपमालाने खुर्ची मागे कलवून ठेवली होती, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दोन्ही ब्रेक लावले, पट्टा ओढून पाहिला, सरांचे पाय फूटरेस्टवर नीट टेकवले, "सर, कलवते हं," म्हणून सांगितलं आणि मग हँडलखालचे दोन्ही लिव्हर दाबून बैठक आणि पाठ एकदमच मागे नेली. सरांनी डोळे मिटले तेव्हा पावणेचार झाले होते. गॅलरीतले कपडे काढून, घड्या घालून ती पंचवीस मिनिटांनी आत आली, तर तात्याराव सरळ बसले होते. अगदी ताठ. डोळे सताड उघडे, आणि नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराच्या चौकटीवर.

घरात दुसरं कोणीही नव्हतं. सरांची मुलगी नम्रता सकाळी नऊलाच ऑफिसला गेली होती आणि सातच्या आत परतणार नव्हती. दीपमालाने बाहेरचं दार पाहिलं. कडी आतून लागलेली होती.

"माझंच डोकं फिरलं असेल," ती स्वतःशी म्हणाली आणि कामाला लागली.

तात्याराव भूगोलाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावरही कर्वेनगरच्या त्या सोसायटीत त्यांच्या जिभेला सगळे वचकून असत. पाण्याच्या टाकीवर मीटिंग भरली की ते एकच वाक्य बोलत आणि अध्यक्षांचा आठवडा वाईट जाई. दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या बुडाशी रक्ताची गुठळी अडकली आणि मानेखालचं शरीर तर गेलंच, वाचाही गेली. उरले फक्त डोळे. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. फार काही सांगायचं असेल तर नम्रताने एका मोठ्या पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून ठेवली होती. समोरच्याने अक्षरांवरून बोट फिरवायचं आणि सरांनी हव्या त्या अक्षरावर पापणी लववायची. दोन शब्दांना दहा मिनिटं लागत. पण सर त्या पुठ्ठ्यावरूनही टोमणे मारत.

दीपमाला यवतमाळकडची, दारव्ह्याजवळच्या खेड्यातली. नवऱ्याला चाकणच्या कारखान्यात काम लागलं तेव्हा त्याच्याबरोबर पुण्याला आली, आजारी माणसांच्या सेवेचं सहा महिन्यांचं शिक्षण घेतलं आणि गेली सात वर्षं हेच काम करत होती. एवढ्या वर्षांत तिने चार माणसं सांभाळली, त्यातली तीन शेवटपर्यंत. ती भित्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम घड्याळ पाहून खुर्ची कलवली आणि स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसली. चार वाजून अकरा मिनिटांनी येऊन पाहते तो सर सरळ बसलेले. तिने हँडलला हात लावला आणि झटकन काढून घेतला. रबराची मूठ ओली होती. नुकतेच हात धुऊन कोणी धरावी तशी.

"अवो माय!" तिच्या तोंडून गावाकडचं निघून गेलं.

ती सरांसमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"सर, खुर्ची आपोआप वर आली का?"

पापणी दोनदा मिटली. नाही.

"कोणी आणली?"

एकदा.

"नम्रताताई आल्या होत्या?"

दोनदा.

"पुरुष होता?"

दोनदा.

"बाई?"

एकदा. सावकाश, नीट, चूक होऊ नये म्हणून मिटावी तशी.

पुढचा प्रश्न विचारावा की नाही, हे तिला कळेना. खालच्या रस्त्यावरून कॉलेजच्या पोरांच्या गाड्या गेल्या, कोणीतरी मोठ्याने हसलं. भर दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं.

"आत्ता आहे ती इथं?"

सरांनी दोनदा पापणी मिटली, आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. ती बसली होती त्या फरशीवर, दारापासून खुर्चीपर्यंत, पाण्याचे थेंब सांडलेले तिला त्यानंतरच दिसले.

नम्रताला तिने संध्याकाळी सगळं सांगितलं. नम्रता चाळिशीची, वडिलांसारखीच नेमकं बोलणारी. तिने ऐकून घेतलं, वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "दीपमालाताई, बाबांना भुताखेतांची आवड कधीच नव्हती. खुर्ची जुनी आहे. गेल्या आठवड्यात ज्यांच्याकडून घेतली त्या कासिमभाईंना बोलावते. यंत्र बिघडलं असेल तर उगाच धोका नको."

कासिमभाई दुसऱ्याच दिवशी सकाळी आले. पन्नाशी उलटलेला, बुटका, हातावर ग्रीसचे कायमचे डाग असलेला माणूस. कात्रजला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. दवाखान्यांच्या, घरांच्या व्हीलचेअर दुरुस्त करायच्या, कोणी टाकून दिलेली चांगली खुर्ची नीट करून दुसऱ्या गरजूला द्यायची, हेच त्यांचं काम. सरांना नम्रताच्या मदतीने पलंगावर घेतल्यावर त्यांनी खुर्ची आडवी केली आणि तासभर तिच्या पोटात डोकं घालून बसले.

"केबल ठीक आहेत. गॅसचा दट्ट्या ठीक आहे. मागची दोन छोटी टेकू-चाकं आहेत ना, खुर्ची उलटू नये म्हणून असतात ती, तीही पक्की आहेत," ते उठत म्हणाले. "ताई, एक लक्षात घ्या. दट्ट्या ढिला झाला असता तर खुर्ची माणसाच्या वजनाने मागे पडली असती. वर कशाला येईल? आणि हे दोन लिव्हर एकदम दाबल्याशिवाय कुलूप सुटतच नाही. एक दाबून चालत नाही. दोन हात लागतात."

"म्हणजे बिघाड नाही?" नम्रताने विचारलं.

"खुर्चीत नाही," कासिमभाई म्हणाले.

तरी त्यांनी दोन्ही केबल बदलल्या, पाठीचा कोन पाहिला, डोक्यामागची उशी बोटभर खाली घेतली. मग दीपमालाला सगळं पुन्हा समजावलं. उतारावर कधी कलवायची नाही. कलवताना सरांची बोटं बिजागरीपाशी नाहीत ना, ते पाहायचं. भरवताना खुर्ची सरळच हवी, नाहीतर घास श्वासात जातो. "आणि सगळ्यात मोठं म्हणजे पट्टा. मागे कललेला माणूस स्वतःच्या वजनावर पडून असतो, पट्टा नसला तरी पडत नाही. पण वर आणताना पट्टा सुटलेला असेल तर सरळ तोंडावर. म्हणून आधी पट्टा, मग लिव्हर. विसरायचं नाही."

"मी विसरत नाही भाई. पण वर आणणारी मी नाहीच ना," दीपमाला म्हणाली.

कासिमभाई हत्यारं आवरून निघून गेले.

त्यानंतर रोज तेच घडलं. चार वाजून दहा मिनिटं. खुर्ची सरळ असली तर काही नाही. मागे कललेली असली की वर. दीपमाला समोर बसून राहिली तर मात्र तिच्या डोळ्यांदेखत कधी घडलं नाही. पण फोन वाजला, दूध उतू गेलं, पाच सेकंद मान वळली की तेवढ्यात खुर्ची वर आलेली असे, आणि मुठी ओल्या. तिने एकदा सरांना विचारलं, भीती वाटते का. सरांनी नजरेने पुठ्ठा मागवला. तिचं बोट अक्षरांवरून फिरत राहिलं आणि शब्द जुळले, "वेळ बरा जातो."

तिला हसू आलं, आणि त्याच हसण्याच्या शेवटी रडूही आलं.

मग तो बुधवार उजाडला. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. फिजिओथेरपीच्या बाई उशिरा आल्या, उशिरा गेल्या आणि दीपमालाचं रोजचं वेळापत्रक कोलमडलं. सरांची पाठ घामाने भिजली होती. तिने खुर्ची कलवली, ब्रेक लावले, सदऱ्याची बटणं काढता यावीत म्हणून पट्टा सोडला आणि बाजूच्या बादलीत टॉवेल पिळायला वाकली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्षच नव्हतं.

टॉवेल पिळता पिळता तिला मागून आवाज ऐकू आला. बाईचा, बारीक, दमलेला. "हळू हं, हळू."

ती वळली तेव्हा खुर्ची वर येत होती. मागे कोणी नव्हतं आणि दोन्ही लिव्हर मुठींना चिकटेपर्यंत दाबलेले होते. सरांचं अंग सैल पडत पुढे निघालं, मान छातीवर लोंबली. दीपमाला ओरडली की नाही, तिला आठवत नाही. तिने स्वतःला खुर्चीच्या पुढ्यात झोकून दिलं. सर तिच्या खांद्यावर कोसळले, आणि पंच्याहत्तर किलोंचा तो भार अंगावर घेऊन ती गुडघ्यांवर तशीच टेकली. ब्रेक लावलेले होते म्हणून खुर्ची मागे सरकली नाही, आणि खुर्ची सरकली नाही म्हणूनच सर जमिनीवर आपटले नाहीत. हाताने चाचपडत तिने त्यांना इंच इंच मागे ढकललं आणि पट्टा ओढून घेतला.

"बाई," ती रिकाम्या खोलीला म्हणाली, "अहो बाई, मारता का माणसाला?"

खोलीत ओव्याचा वास भरला होता. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा.

दुसऱ्या दिवसापासून तिने सोपा मार्ग काढला. साडेतीन वाजताच शेजारच्या दत्तोबांना हाक मारून दोघांनी सरांना पलंगावर निजवायचं. ना खुर्ची कलणार, ना कोणी वर आणणार. नम्रताला त्या बुधवारचं सांगितल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती म्हणाली, "काढूनच टाकू ती खुर्ची. दुसरी मिळेपर्यंत पलंगच बरा."

पण चौथ्या दिवशी सरांनी पुठ्ठा मागवला. त्या दिवशी रविवार, नम्रता घरी होती. बोट तिनेच फिरवलं, दीपमाला शेजारी उभी राहिली.

पहिला शब्द जुळला, "ती". दुसरा, "रडते".

नम्रताचा हात थांबला. "बाबा, कोण रडतं?"

सरांची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे गेली आणि तिथेच राहिली. डोळे पाण्याने भरले होते. आई गेली तेव्हाही नम्रताने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

नम्रताने स्वतःच कासिमभाईंना फोन लावला.

ते आले. या वेळी हत्यारांची पिशवी नव्हती. दीपमालाने बुधवारची हकीकत सांगितली आणि सरळ विचारलं, "भाई, ही खुर्ची कोणाची होती?"

"वाघोलीच्या महिपती पाटलांच्या मुलीची. मुलगी जिवंत आहे, ताई, तसलं काही मनात आणू नका. तिला दुसरी खुर्ची घेतली म्हणून ही दिली. माझ्याकडे जवळजवळ तीन वर्षं पडून होती. पण वर्कशॉपमध्ये खुर्च्या सरळच ठेवतो आम्ही, कलवून कोण ठेवतं? मला कधी काही दिसलं नाही." ते खुर्चीकडे पाहत म्हणाले. "पण देताना पाटील एकच म्हणाले होते. म्हणाले, मला ही नजरेसमोर नको."

चार वाजायला आले होते. सर पलंगावर होते. कासिमभाईंनी रिकामी खुर्ची कलवून ठेवली. चार दहा झाले, सव्वाचार झाले. काही घडलं नाही.

"रिकाम्या खुर्चीतून कोणाला उठवायचं?" दीपमाला हळूच म्हणाली. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि उद्या आपल्याला काय करायचं आहे, हे तिचं तिलाच कळून चुकलं.

सोमवारी नम्रताने घरून काम करायचं ठरवलं, आणि कासिमभाईही पुन्हा आले. चारला पाच मिनिटं कमी असताना दीपमाला खुर्चीत बसली. कासिमभाईंनी ब्रेक लावले, पट्टा दोनदा ओढून पाहिला, तिचे पाय टेकवले आणि तिला मागे कलवलं. इतक्या वर्षांत तिने शेकडो वेळा माणसं कलवली होती, स्वतः कधी कलली नव्हती. पाय हलके झाले, छत समोर आलं. हात आहेत, पट्टा काढून आपण उठू शकतो, हे ठाऊक असूनही तिला एकदम वाटलं की आता सगळं दुसऱ्याच्या हाती. सरांना रोज असंच वाटत असणार.

"भाई, तुम्ही दोघं तिकडे तोंड करा. कोणी बघत असलं की ती येत नाही," तिने सांगितलं.

ती छताकडे पाहत राहिली. पंख्याचं एक पातं किंचित खाली होतं. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला, मग बंद झाला. अनवाणी पावलं आली, घाईची, एक पाय थोडा ओढत चालणारी. ओव्याचा वास आला. तिच्या कपाळावरचे केस ओल्या बोटांनी मागे सारले, फार हलक्या हाताने, जसे ती स्वतः सरांचे सारत असे. डोक्यामागे कोणीतरी धापा टाकत होतं, लांबून धावत आल्यासारखं.

"आले गं. आले. हळू हं, हळू."

खुर्ची वर आली. इतकी अलगद, की दीपमालाला आपण वर कसे आलो तेही समजलं नाही. मग त्या कोणीतरी पुढे वाकून तिचं तोंड पाहिलं असावं, कारण गालावर श्वास लागला. आणि मग एक हुंदका आला. चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाचा असावा तसा, आतल्या आत दाबलेला.

दीपमाला पट्टा सोडून उठली तेव्हा कासिमभाई भिंतीकडे तोंड करून तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होते. नम्रता मात्र वळली होती. तिने काय पाहिलं ते तिने कधी सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "वाघोलीला जाऊन या, ताई. उद्याच जा. मी बाबांजवळ थांबते."

डेक्कनला बस बदलून दीपमाला वाघोलीला पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. नव्या इमारतींच्या रांगेतली पहिल्या मजल्यावरची ती जागा. महिपती पाटील गोदामात सुपरवायझर होते, त्या दिवशी दुपारपाळी होती म्हणून घरी सापडले. खुर्चीचं नाव काढताच त्यांचा चेहरा मिटला.

"मोडली असेल तर टाकून द्या. आम्हाला परत नको."

"मोडली नाही, दादा. पण..."

"आत... येऊ द्या... बाबा," आतून आवाज आला.

मुक्ताई खिडकीशी नव्या खुर्चीत बसली होती. तेवीस-चोवीस वर्षांची, काडीसारखी बारीक, हात आखडलेले, डोळे मात्र लख्ख. जन्मापासूनच तिचं शरीर तिचं ऐकत नसे. प्रत्येक शब्द तिला ओढून काढावा लागे, पण बोलणं स्पष्ट होतं. दीपमाला तिच्यासमोर बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ओल्या मुठी सांगितल्या, ओवा सांगितला, ओढणारं पाऊल सांगितलं. महिपती दाराला टेकून ऐकत होते. "हळू हं, हळू" ऐकलं आणि ते दार सोडून आत आले.

"यमुनामावशी," मुक्ताई म्हणाली.

यमुनाबाईंनी तिला अकरा वर्षं सांभाळलं होतं. आई लहानपणीच गेलेली. हात धुतल्याशिवाय यमुनाबाई मुलीला शिवत नसत. गुडघा दुखायचा, म्हणून ओव्याचं तेल चोळत. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मुक्ताईला खोकला सुटला होता. यमुनाबाईंनी तिला पाठ टेकवायला मागे कलवलं आणि बरोबर चार वाजता खाली औषध आणायला उतरल्या. "दहा मिनिटांत येते आणि उठवते तुला" असं सांगून गेल्या. समोरचा नगर रोड ओलांडताना त्यांना पाण्याच्या टँकरने उडवलं. जागच्या जागी गेल्या. जवळ ना ओळखपत्र, ना फोन. कुठल्या घरच्या, ते कळायला रात्र झाली.

"मी साडेआठला आलो," महिपती खाली बघत म्हणाले. "दार उघडलं तर अंधार. पोरगी तशीच मागे कललेली. साडेचार तास. खोकून खोकून आवाज बसला होता. तेव्हापासून ती खुर्ची..."

"मी... घाबरले नव्हते," मुक्ताई म्हणाली. "मला वाटलं... उशीर झाला. येईल." दीपमालाने तिला घाई केली नाही. "ती अजून... येतेय. बाबा, मला... तिकडे न्या."

"वेड लागलंय का?"

"तिला कोणी... सांगितलंच नाही," मुक्ताई म्हणाली, "की मी... उठले."

महिपतींनी दोन दिवस घेतले. गुरुवारी साडेतीन वाजता त्यांची गाडी कर्वेनगरच्या सोसायटीत आली. लिफ्टमध्ये नवी खुर्ची मावेना, म्हणून त्यांनी मुलीला लहान लेकरासारखं उचलून चौथ्या मजल्यावर आणलं. सर पलंगावर उशांना टेकून होते, नम्रता त्यांच्याजवळ होती. मुक्ताईने त्यांच्याकडे पाहून मान वाकडी करत नमस्कार केला. सरांनी एकदा पापणी मिटली.

कासिमभाईंनी खुर्ची तिच्या मापाला लावली. फूटरेस्ट दोन बोटं वर घेतले, डोक्याची उशी खाली केली, बाजूला पंचे गुंडाळून लावले म्हणजे ती एका अंगाला कलंडणार नाही. महिपतींनी तिला ठेवलं. पट्टा त्यांना नीट बांधता येईना, शेवटी तो दीपमालानेच लावला. ब्रेक पाहिले. पुन्हा पाहिले.

"मुक्ताई, कलवते हं," ती म्हणाली आणि तिला मागे नेलं.

यावेळी कोणीच पाठ फिरवली नाही. का, ते कोणी ठरवलं नव्हतं. मुक्ताई सोडून खोलीतले पाचही जण तिच्याकडे पाहत राहिले. चार झाले. खालून भाजीवाल्याची हाक आली, विरली. चार वाजून पाच मिनिटं झाली. मुक्ताईला खोकला आला. कोरडा, लहानसा. तिच्या वडिलांनी पाऊल पुढे टाकलं, आणि दीपमालाने त्यांचा दंड धरला.

स्वयंपाकघरात नळ सुटला.

पावलं सर्वांना ऐकू आली. फरशीवर ठसे उमटत आले, ओले, उजव्या पायाचा ठसा प्रत्येक वेळी थोडा पुसलेला. ते खुर्चीला वळसा घालून मागे गेले. मुक्ताईच्या कपाळावरची बट सावकाश मागे गेली आणि कानाआड अडकली. दोन्ही लिव्हर हळूहळू आत दबले.

"हळू हं, हळू."

खुर्ची वर येऊ लागली. कुठे धक्का नाही, कुठे करकर नाही. मुक्ताईचं तोंड छतावरून भिंतीवर आलं, भिंतीवरून माणसांवर. ती पूर्ण सरळ झाली तेव्हा तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"मावशी," ती म्हणाली, आणि या वेळी शब्द तिला ओढावे लागले नाहीत. "मी उठले गं. त्याच दिवशी उठले. बाबा आले होते. मला काही झालं नाही. तू उगाच धावतेस."

लिव्हर दाबलेलेच होते. किती वेळ, कोणी मोजलं नाही. मग एक सुटला आणि मागोमाग दुसरा. महिपती हमसून हमसून रडत होते, तीन वर्षांचं साचलेलं. दीपमालाची नजर सहज पलंगाकडे गेली. सरांचे डोळे हलत होते. खुर्चीच्या मागून पुढे, मुक्ताईच्या चेहऱ्यावर बराच वेळ, मग हळूहळू फरशीवरून दाराकडे. माणूस चालेल त्या वेगाने. चौकटीपाशी ते थांबले आणि त्यांनी एकदा पापणी मिटली. कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर द्यावं तशी.

महिपती मुलीला घेऊन गेल्यावर दीपमालाने फरशी पुसायला फडकं घेतलं, पण ठसे आपोआप वाळून गेले होते.

शुक्रवारी तिने पावणेचारला सरांना खुर्चीत बसवून मागे कलवलं. हे धाडस करू की नको म्हणून तिने आधी त्यांनाच विचारलं होतं, आणि त्यांनी हो म्हटलं होतं. पट्टा तिने तीनदा तपासला. मग स्टूल ओढून समोर बसली, मुद्दाम मान खिडकीकडे वळवून. नळ शांत होता. चार दहा होऊन गेले, सव्वाचार झाले, साडेचार झाले. तिने उठून मुठींना हात लावला. त्या कोरड्या ठणठणीत होत्या.

आपल्याला हायसं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. दवाखान्यात दिवसपाळीला बरोबर असलेली एखादी बाई काम सोडून गेली की तिच्या रिकाम्या खुंटीकडे पाहून जसं वाटतं, तसं काहीसं वाटलं. एवढी वर्षं ती हे काम करत होती, पण कोणी तिला ते शिकवून गेलंय, असं आजवर वाटलं नव्हतं.

"सर, आता मीच उठवते हं," ती म्हणाली. तिने पट्टा ओढून पाहिला, लिव्हर सावकाश दाबले आणि त्यांना वर आणलं.